फ्रीमॉन्ट, २०१८ : रोबोटांच्या कारखान्याला तंबू का ठोकावा लागला

लग्नाचा मांडव आपल्याकडे दोन दिवसांत उठतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये टेस्लाच्या आवारात २०१८ च्या जून महिन्यात उठलेल्या मांडवाला तीनेक आठवडे लागले, आणि आत वऱ्हाडाऐवजी मोटारींची पूर्ण असेंब्ली लाइन होती. गोदामात पडून राहिलेलं कन्व्हेयरचं सामान वापरून ती जुळवली होती. कामं बहुतेक हातानेच. या लाइनवरून मॉडेल ३ गाड्या बाहेर पडू लागल्या आणि कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी त्याचं समाजमाध्यमांवर जाहीर कौतुकही केलं.

कौतुक करायलाही हरकत नव्हती. पण दोनच वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी गुंतवणूकदारांना सांगितलं होतं, की टेस्लाचा खरा माल म्हणजे गाडी नव्हे. गाडी बनवणारं यंत्र, म्हणजे कारखाना, हाच खरा माल. तो पुढे इतका स्वयंचलित होईल, की बघणाऱ्याला परग्रहावरची युद्धनौका वाटावी. माणसाच्या वेगाने काम चालत असेल तर कारखाना माणसाच्या वेगाच्या पुढे जाणारच नाही, म्हणून माणसाला लाइनवरून बाजूला काढायचं, असा साधारण विचार. तिथून तंबूपर्यंतचा हा प्रवास ऑटोमेशनवर बोलणाऱ्या प्रत्येकाने नीट बघावा असा आहे. बऱ्याच जणांनी त्यातून "शेवटी माणूसच श्रेष्ठ" एवढाच सोपा अर्थ काढला. माझ्या मते प्रकरण त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे.

आधी इमारत

हा कारखाना टेस्लाने बांधलेला नाही. जनरल मोटर्सने, म्हणजे जीएमने, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो उभा केला आणि १९८२ मध्ये बंद केला. बंद होताना त्याची कीर्ती अमेरिकेतल्या सर्वांत वाईट कारखान्यांपैकी एक अशी होती. कुठल्याही दिवशी पाचातला एक कामगार दांडी मारलेला. लाइनवर दारू चाले. चिडलेले कामगार दाराच्या पत्र्याआड कोकची रिकामी बाटली टाकून ठेवत, गिऱ्हाइकाची गाडी आयुष्यभर खडखडावी म्हणून; हे त्या कामगारांनीच पुढे हसत हसत सांगितलं आहे.

दोन वर्षांनी, १९८४ च्या डिसेंबरात, त्याच इमारतीतून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. या वेळी जीएम आणि टोयोटा यांची भागीदारी होती. न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, थोडक्यात नुमी. जागा जीएमची, कारखाना चालवायची पद्धत टोयोटाची. कामगार कोण? सुरुवातीच्या भरतीतले सुमारे ८५ टक्के जुनेच, त्याच युनियनचे. टोयोटाने त्यातल्या शेकडो टीम लीडर आणि ग्रुप लीडरना जपानला ताकाओका कारखान्यात नेऊन शिकवलं. गैरहजेरी २० टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आली.

इथे रोबोटांचा भडिमार नव्हता, हा मुद्दा अमेरिकी मोटार उद्योगाला त्या काळी पचला नाही. जीएमची बरीच मंडळी नुमी बघायला यायची आणि गुपित कुठल्या यंत्रात आहे ते शोधत फिरायची. गुपित लाइनवर टांगलेल्या दोरीत होतं. कामगाराला काही खटकलं, बोल्ट बसेना, रंगावर ओरखडा दिसला, की त्याने दोरी ओढायची. सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. जुन्या जीएममध्ये लाइन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं; चुकीची गाडी तशीच पुढे ढकलायची आणि शेवटी आवारात नेऊन दुरुस्त करायची. नुमीमध्ये स्टॉपवॉचही इंजिनिअरच्या हातून काढून टीमच्या हाती दिलं होतं. कुठल्या क्रमाने कुठलं काम किती सेकंदांत, हे करणाऱ्यानेच लिहायचं, आणि सुधारायचंही त्यानेच.

एमआयटीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेल्या मोजणीत जीएमच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जोडणीला ३१ मनुष्यतास लागत होते, टोयोटाच्या ताकाओकात १६, आणि नुमीत १९. जोडणीतल्या दोषांच्या बाबतीत नुमी ताकाओकाच्या बरोबरीला होता. युनियन जुनी, माणसंही बरीचशी जुनी, छप्पर तेच.

नुमीचं चित्र फार गोड करूनही सांगू नये. कामाचा वेग जबरदस्त होता. १९९३ च्या नव्या कोरोलाच्या वेळी मनगट-पाठीच्या दुखण्यांवरून कॅलिफोर्नियाच्या सुरक्षा खात्याने कंपनीला नोटीस दिली होती. मिनिटातले बहुतेक सगळे सेकंद काम भरलेलं असतं तेव्हा शरीर त्याची वसुली करतंच.

२००९ मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली. टोयोटानेही हात काढून घेतला. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची कोरोला बाहेर आली आणि सुमारे ४,७०० माणसांची नोकरी गेली. काही आठवड्यांतच टेस्लाने ही इमारत ४.२ कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. एवढ्या मोठ्या कारखान्याला हा भाव म्हणजे जवळपास फुकट.

बेत

३१ मार्च २०१६ ला मॉडेल ३ दाखवली गेली. ३५,००० डॉलरची, टेस्लाच्या आधीच्या गाड्यांच्या मानाने स्वस्त. हजार डॉलर भरून नाव नोंदवायचं. पहिल्याच आठवड्यात सव्वातीन लाख नोंदण्या. वर्षाला पाच लाख गाड्यांचं लक्ष्य आधी २०२० साठी होतं, ते मेमध्ये २०१८ वर ओढलं गेलं. ऑटोमेशनची यंत्रणा बनवणारी जर्मनीतली ग्रोमन इंजिनिअरिंग ही कंपनी टेस्लाने विकत घ्यायचं ठरवलं, पुढे अमेरिकेतली पर्बिक्सही घेतली. मॉडेल एसच्या काळापासून फ्रीमॉन्टमधल्या सर्वांत मोठ्या रोबोटांना सिनेमातल्या एक्स-मेनची नावं होती. झेवियर, वुल्व्हरिन, आइसमन. कंपनीचा मूड त्यावरून कळतो.

मॉडेल ३ साठी बेत असा होता, की नुसतं वेल्डिंग आणि रंगकाम नव्हे, तर अंतिम जोडणी, म्हणजे जनरल असेंब्लीसुद्धा होता होईल तेवढी यंत्रांनी करायची. सुटे भाग कन्व्हेयरच्या जाळ्यावरून आपोआप लाइनशी यायचे, रोबोटांनी ते उचलून बसवायचे. शिवाय नेहमी मोटार कंपन्या करतात त्या चाचणी टप्प्यांपैकी काही गाळले. साधारणपणे कंपनी आधी तात्पुरत्या, स्वस्त साच्यांवर लाइन चालवून बघते, अडचणी सोडवते, मग पक्की यंत्रं मागवते. इथे थेट पक्की यंत्रं मागवली गेली.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच. रोबोट घेण्याचा निर्णय त्यामानाने स्वस्त पडला असता.

कुठे अडकलं

२८ जुलै २०१७ ला पहिल्या ३० गाड्या ग्राहकांना (बहुतेक कंपनीचेच कर्मचारी) देताना मस्क यांनी स्वतःच सांगितलं, की आता सहा महिने उत्पादनाचा नरक. आकडे बघा. तिसऱ्या तिमाहीत दीड हजार गाड्यांचा अंदाज होता, निघाल्या २६०. चौथ्या तिमाहीत २,४२५. वर्षअखेर आठवड्याला पाच हजार व्हायच्या होत्या; तो वायदा आधी मार्च आणि मग जून २०१८ वर गेला. २०१८ च्या पहिल्या तिमाहीचा तोटा सुमारे ७१ कोटी डॉलर.

पहिली मोठी गाठ फ्रीमॉन्टमध्ये नव्हतीच. ती नेवाडात होती, जिथे बॅटरी बनते. हजारो सेल जोडून मॉड्यूल तयार करायची स्वयंचलित लाइन चालेना. तेव्हा माणसांना बसवून ते काम हाताने करून घेतलं गेलं, मग अर्ध-स्वयंचलित लाइन टाकल्या, आणि ग्रोमनने जर्मनीत नवी लाइन बांधून विमानाने अमेरिकेत पाठवली. एवढ्या वजनाची यंत्रं कुणी हौसेने विमानात चढवत नाही.

फ्रीमॉन्टमध्ये भाग वाहून आणणाऱ्या कन्व्हेयरच्या जाळ्याने सगळ्यांना जेरीला आणलं. एका ठिकाणी सेन्सर चुकला की मागची रांग तुंबते, पुढची उपाशी राहते. एप्रिल २०१८ च्या सीबीएसवरच्या मुलाखतीत मस्क यांनी कबूल केलं, की ते जाळं वेडगळपणे गुंतागुंतीचं होतं, चालत नव्हतं, म्हणून सगळंच काढून टाकलं.

आणि मग ती फायबरग्लासची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं शक्य नाही. बॅटरी पॅकच्या वर, गाडीच्या फरशीखाली, फायबरग्लासचे मऊ पातळ तुकडे ठेवायचे होते. ते उचलून ठेवायला कॅमेऱ्याने बघणारा रोबोट बसवला होता. मऊ वस्तू रोबोटच्या पकडीत नीट येत नाही. कधी दोन उचलतो, कधी एकही नाही, कधी तिरका ठेवतो. लाइन वारंवार थांबे. कारखान्यात त्याला फ्लफरबॉट म्हणू लागले. शेवटी कुणीतरी विचारलं, की हा तुकडा आहे कशासाठी? बॅटरीवाल्यांना वाटत होतं, आवाज कमी करण्यासाठी. आवाजवाल्यांना वाटत होतं, आगीपासून बचावासाठी. तुकडा घालून आणि न घालून गाडीतला आवाज मोजला, फरक काहीच नाही. तुकडा काढला, रोबोटही काढला. मे महिन्यात गुंतवणूकदारांसमोर हा किस्सा मस्क यांनी स्वतः सांगितला.

लोक हा किस्सा रोबोटची फजिती म्हणून सांगतात. मला त्यात रोबोटचा दोष दिसत नाही. ज्या कामाचा उद्देश कुणालाच माहीत नव्हता, त्या कामावर महागडं यंत्र बसवलं गेलं. नुमीच्या लाइनवर हाताने तो तुकडा दिवसाला चारशे वेळा ठेवणाऱ्या बाईने आठवड्याभरात दोरी ओढून विचारलं असतं, की दादा, हे कशाला? रोबोट विचारत नाही. तो थांबतो, आणि मेंटेनन्सवाला येऊन त्याला पुन्हा चालू करतो.

अंतिम जोडणी एवढी अवघड का

मोटार कारखान्यात बॉडी शॉप आणि असेंब्ली शॉप ही दोन वेगळी जगं आहेत. बॉडी शॉपमध्ये पत्रा असतो, घट्ट असतो, फिक्स्चरमध्ये पकडला की हलत नाही. रोबोटला बिंदू माहीत असतो, तो तिथे हजार वेळा तसाच ठिणग्या पाडतो. म्हणून जगभर मोठ्या कारखान्यांत वेल्डिंग बहुतेक रोबोटच करतात आणि त्यात आता कुणाला नवल वाटत नाही.

असेंब्लीत येते वायरिंगची जुडी, दाराचं रबरी बीडिंग, गालिचा, छताचं अस्तर, पाण्याचे होस. वाकतात, पिळतात, एकेका नगात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो. थंडीत रबर कडक होतं. बोल्ट घट्ट करायला रोबोट उत्तम आहे, मनगट दुखत नाही आणि टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, एकसारखा. पण आटे नीट बसलेच नाहीत, बोल्ट तिरका गेला, तर माणसाच्या बोटांना पहिल्या अर्ध्या वळशातच कळतं. तो मागे घेतो, पुन्हा लावतो. या सगळ्याला तीन सेकंद लागतात आणि कुठल्याही कागदावर ते लिहिलेलं नसतं. रोबोटला तेच करायला शिकवायचं तर आधी कुणीतरी ते लिहून काढायला हवं. टेस्लाच्या लाइनवर मॉडेल ३ अजून नवी होती. लिहून काढण्याइतकी ती कुणाच्याच हाताखालून गेली नव्हती.

मार्च २०१८ मध्ये बर्नस्टीन या संस्थेचे विश्लेषक मॅक्स वॉरबर्टन आणि टोनी साकोनागी यांनी अहवाल काढून नेमक्या याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. अंतिम जोडणी रोबोटांवर सोपवायचा हा पहिला प्रयत्न नाही, असं त्यांचं म्हणणं. फोक्सवागनने १९८३ मध्ये वोल्फ्सबुर्गच्या ५४ क्रमांकाच्या हॉलमध्ये गोल्फ गाडीसाठी हे करून पाहिलं, फियाटने दशकाच्या शेवटी इटलीतल्या कासिनोत टिपो गाडीसाठी. दोघांनीही पुढे माघार घेतली. ज्या जपानी कारखान्यांना जग सर्वांत कार्यक्षम म्हणतं, ते अंतिम जोडणीत यंत्रं उलट मोजकी ठेवतात.

आणि जीएम. तिची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण नुमीचा अर्धा मालक तीच होती. चेअरमन रॉजर स्मिथ यांच्या काळात, १९८० च्या दशकात, जपान्यांना रोबोटांनी हरवायचं असा कंपनीचा निश्चय होता. जपानच्या फानुकबरोबर १९८२ मध्ये रोबोट बनवणारी भागीदार कंपनी काढली. तीन-चार वर्षांसाठी ठरवलेला भांडवली खर्च एवढा होता, की खुद्द जीएमच्या वित्तप्रमुखांनी अंतर्गत चर्चेत दाखवून दिलं, की एवढ्या पैशात टोयोटा आणि निसान दोन्ही विकत घेता येतील. डेट्रॉइटजवळ हॅमट्रॅमिकला १९८५ मध्ये नवा कारखाना उघडला. त्यासाठी पोलटाऊन नावाची पोलिश कामगारांची जुनी वस्ती उठवली, घरं, दुकानं, चर्च पाडली. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला १९८१ मध्ये मान्यता दिली आणि २००४ मध्ये तोच निकाल स्वतः फिरवला. तोवर वस्ती कुठली उरायला. कारखान्यात २६० रोबोट बसवले. १९८६ मध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की तिथले रोबोट गाडीऐवजी एकमेकांना रंगवताहेत, आणि रंगकामासाठी गाड्या दुसऱ्या जुन्या कारखान्यात पाठवाव्या लागताहेत.

म्हणजे एकाच कंपनीच्या एका हातात हॅमट्रॅमिक आणि दुसऱ्या हातात नुमी, एकाच दशकात. नुमीतून शिकून आलेल्या मॅनेजरांना जीएमने विखरून टाकलं. त्यांच्या सांगण्याला जोर यायला पुढची वीसेक वर्षं गेली. हा अनुभव ज्या इमारतीत घडला, तिथेच टेस्लाने नवा प्रयोग केला. भिंतींना कान असतात म्हणतात, पण त्यांना तोंड नसतं.

दुरुस्ती

२०१८ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये मॉडेल ३ ची लाइन काही दिवस बंद ठेवून फेरबदल केले गेले. १३ एप्रिलला मस्क यांनी ट्वीट केलं, त्याचा आशय असा : टेस्लामधलं अति-ऑटोमेशन ही चूक होती, नेमकं बोलायचं तर माझी चूक, माणसाची किंमत कमी लेखली जाते. एवढ्या मोठ्या कंपनीचा प्रमुख इतक्या थेट शब्दांत बोलत नाही, म्हणून ते वाक्य गाजलं. त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांना गेलेला निरोप मात्र कमी गाजला, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. तिसरी पाळी सुरू करायची आहे, ओळखीत कुणी असेल तर सुचवा, फ्रीमॉन्ट आणि नेवाडा मिळून पुढचे काही आठवडे दर आठवड्याला सुमारे ४०० माणसं घ्यायची आहेत. माणसाला लाइनवरून काढायला निघालेला कारखाना ओळखीपाळखीतून माणसं गोळा करत होता.

तंबू त्यानंतर आला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मॉडेल ३ च्या ५,०३१ गाड्या निघाल्या, त्यातल्या काही तंबूतून. लक्ष्य गाठलं, सहा महिने उशिरा.

ही माणसं कुठल्या परिस्थितीत काम करत होती, हेही याच हिशेबात धरायला हवं. ओकलंडच्या वर्कसेफ या संस्थेने काढलेल्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये फ्रीमॉन्टमध्ये दर शंभर कामगारांमागे ८.८ दुखापती नोंदल्या गेल्या, तेव्हा उद्योगाची सरासरी ६.७ होती. मॉडेल ३ च्या घाईत जादा पाळ्या आणि जादा तास चालूच राहिले. रोबोट फसले तेव्हा माणसं उपयोगी पडली, हे खरं. पण ती रोबोटांनी उधळलेलं वेळापत्रक भरून काढायला बोलावलेली माणसं होती. युनियन या इमारतीत नुमीबरोबर संपली होती. दोरी ओढायचा अधिकार नसलेल्या माणसाला लाइनवर परत बोलावणं म्हणजे नुमीकडे परत जाणं नव्हे.

एक तुलना आकड्यांत. नुमीने आपल्या सर्वोच्च वर्षी, २००६ मध्ये, सव्वाचार लाखांहून जास्त गाड्या बनवल्या, साडेपाच हजारांच्या आसपास माणसांनी. टेस्लाने २०१८ मध्ये २,५४,५३० गाड्या बनवल्या आणि फ्रीमॉन्टमध्ये तेव्हा दहा हजारांवर माणसं होती. तुलना सरळसोट नाही. टेस्ला सीटसारखे कितीतरी भाग स्वतः बनवते, जे नुमी बाहेरून घेई, आणि ते वर्ष मुळातच गोंधळाचं होतं. तरीही माणूसविरहित कारखान्याचा बेत आखलेल्या जागी जुन्यापेक्षा दुप्पट माणसं दिसावीत, हे विसरता येत नाही.

नोकऱ्या कुणाच्या गेल्या

या इमारतीतून दोनदा हजारो माणसं रस्त्यावर आली. १९८२ आणि २०१०. दोन्ही वेळा रोबोटचा संबंध नव्हता. पहिल्यांदा गचाळ व्यवस्थापन आणि मंदी, दुसऱ्यांदा दिवाळखोरी. नुमीने मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस मागणी पडली तेव्हा कुणालाही काढलं नव्हतं. रिकामी माणसं प्रशिक्षणाला आणि लाइन सुधारण्याला लावली. त्या भरवशावरच कामगार स्वतःच्या कामातले सेकंद वाचवून दाखवत. वाचवलेला सेकंद उद्या माझीच नोकरी खाईल असं वाटलं, तर शहाणा माणूस सेकंद वाचवत नाही. ऑटोमेशन आणणाऱ्या कंपन्यांच्या सादरीकरणात हा भाग क्वचितच सापडतो.

गंमत म्हणजे १२ जून २०१८ ला, तंबूच्या धामधुमीतच, टेस्लाने सुमारे ९ टक्के कर्मचारी कमी केले. कपात पगारी, कार्यालयीन वर्गातली होती. लाइनवरच्या एकाही उत्पादन कामगाराला हात लावला नाही.

यावरून रोबोट नोकऱ्या खात नाहीत असा निष्कर्ष काढणाऱ्याला मी थांबवीन. पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जीएमच्या कारखान्यात तापलेले ओतीव भाग उचलायला लागला, आणि तेव्हापासून वेल्डिंग, रंगकाम, डाय-कास्टिंगमधली माणसं शांतपणे, बातमी न होता कमी होत गेली. डॅरन असेमोग्लू आणि पास्क्वाल रेस्ट्रेपो यांनी अमेरिकेतल्या १९९० ते २००७ च्या आकडेवारीवरून २०२० मध्ये दाखवलं, की दर हजार कामगारांमागे एक रोबोट वाढला की त्या भागात रोजगारात असलेल्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण ०.२ टक्के बिंदूंनी आणि वेतन ०.४२ टक्क्यांनी घटतं. जिथे रोबोट यशस्वी होतो तिथे नोकरी जाते आणि त्यावर कुणी लेख लिहीत नाही. फ्रीमॉन्टची एवढी चर्चा झाली, कारण तिथे तो फसला.

चाकण-तळेगावच्या पट्ट्यात काम करणाऱ्या वाचकांना यात ओळखीचं काही दिसेल. बजाज ऑटोने २०१० पासून डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचे छोटे कोबॉट लाइनवर आणले. पिंजरा नाही, माणसाच्या शेजारीच उभे. जोर लावायचं, तेच ते काम यंत्राकडे. बघायचं, जुळवायचं, ठरवायचं काम शेजारच्या ऑपरेटरकडे. त्यातून भरती किती थांबली, हा प्रश्न तिथेही विचारलाच पाहिजे. पण कामाची वाटणी फ्रीमॉन्टच्या पहिल्या बेतापेक्षा समंजस आहे.

पुढे काय झालं

टोयोटाने मधल्या काळात उलट्या बाजूने एक गोष्ट करून दाखवली होती. मित्सुरू कावाई या जुन्याजाणत्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने होन्शा कारखान्यात इंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या फोर्जिंगचं, म्हणजे तापलेला धातू दाबून घडवण्याचं, काही काम यंत्राकडून काढून पुन्हा हाताने करायला लावलं. माणसं ते शिकली, मग त्यांनीच सुचवलेल्या बदलांनी नवी लाइन आखली. २०१४ च्या वृत्तांतानुसार वाया जाणारा माल १० टक्क्यांनी घटला आणि लाइनची लांबी कितीतरी कमी झाली. यंत्र पुन्हा आलंच, पण माणसाने काम समजून घेतल्यानंतर.

टेस्लाही वेगळ्या वाटेने तिथेच पोचली असं मला दिसतं. २०२० पासून मॉडेल वायसाठी तिने इटलीच्या इद्रा कंपनीचे महाकाय कास्टिंग प्रेस बसवले. गाडीच्या मागच्या खालच्या सांगाड्यात जिथे सुमारे ७० सुटे तुकडे वेल्ड होत, तिथे आधी दोन आणि मग एकच ओतीव भाग आला. मस्क यांच्या म्हणण्यानुसार त्यामुळे बॉडी शॉपमधले सुमारे ३०० रोबोट लागेनासे झाले. फ्लफरबॉटच्या वेळचाच प्रश्न, या वेळी यंत्र मागवण्याआधी विचारलेला : हा तुकडा आहे कशासाठी? २०२१ मध्ये ब्लूमबर्गने काढलेल्या हिशेबात फ्रीमॉन्ट हा आठवड्याला सरासरी ८,५५० गाड्यांसह उत्तर अमेरिकेतला सर्वाधिक उत्पादन देणारा मोटार कारखाना ठरला. वायरिंग, बीडिंग आणि गालिचा तिथे आजही मुख्यतः माणसंच बसवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दोन पायांच्या, दोन हातांच्या ऑप्टिमस रोबोटकडून मस्क यांना आता ही कामंही करून घ्यायची आहेत.